करार वाचणारे मामाजी

बांधकामाचा करारनामा सहीआधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा ठेकेदार अख्ख्या पृथ्वीवर एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मी नागपुरातल्या एका बिल्डरकडे ठेकेदारांचे करार सांभाळतो. सांभाळतो म्हणजे जुन्या करारातलं नाव काढून नवं घालतो. सुरक्षेची कलमं तर मी वर्षानुवर्षं जशीच्या तशी उचलत आलो. त्यांत काय लिहिलंय हे मला मामाजी वाचायला बसले तेव्हा कळलं. चष्मा नाकावर, बोट ओळीवर आणि ओठ पोथी वाचल्यासारखे हलताहेत. मध्येच मान वर करून त्यांनी विचारलं, "जावईबापू, हे लाइफ जॅकेट कोन्त्या मजल्यावर घालाचं?" मूळ करार बहुधा कुठल्यातरी बंदरातल्या धक्क्याचा असावा. मी "टायपिंगची चूक" असं पुटपुटलो. चांगली चार ओळींची टायपिंगची चूक!

मामाजींच्या घरी जावयाच्या पाया पडायची रीत आहे. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा हा माणूस साइटवर सगळ्या मजुरांदेखत माझ्यासमोर वाकला की धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला वाटतं. आमच्या साइटवर ती त्यासाठी ठिकठिकाणी खोदूनही ठेवलेली असते. पण मामाजींचं वाकणं भोळं नाही. एकदा ते वाकले ते तसेच थांबले. "जावईबापू, सँडल?" घाईत निघालो, मी म्हणालो. "साइटवर येनाऱ्या हरेक मानसानं सेफ्टी बूट घालाचे. तुमीच लिवलं न जी." आणि मला त्यांनी फाटकाबाहेर काढलं, आदराने, डोक्यावर छत्री धरून. वर गाडीत थंडगार ताक पाठवलं. मजुरांच्या वाट्याला मात्र ताक नाही. हेल्मेट खुंटीला टांगून कामाला लागलेल्याला ते लांबूनच ओरडतात, "काहून गा, डोकं घरीच ठेवून आला का?"

खरी पंचाईत बाहेरच्या प्लास्टरच्या वेळी झाली. परांची बांधून तयार होती, पण तिच्याखाली लावायची सुरक्षा जाळी आली नव्हती, आणि जाळी देणं आमच्या कंपनीकडे होतं. बिल्डरसाहेबांना मात्र इमारतीचा दर्शनी भाग ग्राहकांना दाखवायची घाई. "तुमचे नातेवाईक आहेत ना, मग समजवा की," असं म्हणून त्यांनी मला पिटाळलं. मी बूट घालून गेलो. मामाजी वाकले, तेव्हाच मी ओळखलं की उत्तर नाही असं आहे.

"जाळी आली की चढवतो मानसं."

"मामाजी, साहेब दुसरा ठेकेदार आणतील."

"आनू द्या."

मग मी हुकमाचं पान काढलं. कामगारांच्या सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची, असं करारात स्पष्ट लिहिलंय, म्हणालो. उद्या कोणी पडलंच तर कंपनी नामानिराळी राहावी, एवढ्यासाठीच तर अख्ख्या करारात ते एक वाक्य मी स्वतः घातलेलं.

"हो न," मामाजी शांतपणे म्हणाले. "जबाबदारी माही, त हुकूम बी माहाच. तुमाले एवढं सोपं वाटून राहिलं, त तुमीच पाहा बरं चढून."

मजूर गोळा झाले. जावयाच्या इभ्रतीचा प्रश्न! मामाजींनी स्वतःच्या हातांनी मला पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला, आणि मी चढलो. फार नाही, पहिल्याच टप्प्यापर्यंत. मजूर इतके जवळ होते की त्यांचं हसू दाबणंही मला ऐकू येत होतं. तरी मी जवळच्या पाइपाला मिठी मारली. तेवढ्यात साहेबांचा फोन. तो मी कसा उचलला देव जाणे. "झालं का सुरू काम?" "नाही सर. जाळी आल्याशिवाय होणार नाही." "कोण म्हणतं?" "मी," असं मी म्हणालो. यात शौर्य काही नव्हतं. लोखंडी पाइपाला मिठी मारलेल्या माणसाला खोटं बोलणं सुचत नाही, इतकंच. मला खाली उतरवायला दोघं लागले.

जाळी आली, प्लास्टर झालं, कोणी पडलं नाही. आणि जे घडलंच नाही त्याबद्दल मामाजींचे आभार कोण मानणार? पुढच्या इमारतीचं काम साहेबांनी दुसऱ्याला दिलं. मामाजींना तसं कळवणारं पत्र मीच टाइप केलं, आणि त्यात, देवाशप्पथ, एकही चूक नव्हती. नव्या ठेकेदाराने उभ्याउभ्याच सगळ्या पानांवर सह्या केल्या. "वाचून तर बघा," मी म्हणालो. "वाचायचं काय साहेब, विश्वास आहे तुमच्यावर," तो म्हणाला. असा घाव माझ्यावर आजवर कोणी घातला नव्हता.

परवा मामाजी जेवायला आले, भिवापुरी मिरचीची पिशवी घेऊन. मी माफीची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. मी घसा खाकरताच ते म्हणाले, "राहू द्या जी. मौद्याकडे काम भेटलं मले." तेवढ्यात स्वयंपाकघरातला बल्ब गेला आणि बायकोने हाक मारली. मी स्टूल ओढून वर चढलो. मामाजी मागोमाग आले, खाली बसले आणि त्यांनी स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले. बल्ब केव्हाच लागला होता. मी आणखी थोडा वेळ वरच उभा राहिलो.