पत्र्यावरचा पाटा

आमच्या घरात वादळाची सगळ्यात जास्त भीती मला, आणि वादळाचं सगळ्यात जास्त ज्ञानही मलाच. हे ज्ञान टीव्हीवरून आलेलं. एका वर्षी चैत्रात शेजारच्या गल्लीतलं एक शेड उडालं आणि थेट विजेच्या तारांवर जाऊन बसलं. तेव्हापासून मी वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसायला लागले. कुठल्याशा किनाऱ्यावर चक्रीवादळ येणार होतं आणि पडद्यावर खालून सूचना सरकत होत्या. मी पडले शाळेतली बाई, अक्षरं दिसली की उतरवून घेतल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही. संध्याकाळी जेवताना सगळ्या सूचना घरच्यांना वाचून दाखवल्या. पाचवी सूचना होती, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' मी तीही ठणकावून वाचली.

"बरं," नवरा भाकरी मोडत म्हणाला, "उद्यापासून न्हाई जात."

आम्ही राहतो अहमदपूरला, समुद्रापासून शेकडो कोस लांब. घरात सगळे गळ्यात लिंग बांधणारे, पक्के शाकाहारी, मासा बघितलेला तो चित्रात. पोरगी ठसका लागेस्तोवर हसली. अप्पा, म्हणजे माझे सासरे, तेवढे हसले नाहीत. ते मागच्या दाराबाहेरून म्हणाले, "चक्रीवादळ न्हाई माय, आपल्याकडं वावधान येतंय. ते टीव्हीला इचारून येत न्हाई. येतंय, पत्रे उचलतंय, जातंय."

आता खरी गोष्ट अशी, की आमच्या घरात पत्र्याखाली झोपणारं माणूस एकच, ते म्हणजे अप्पा. आमचं घर चांगलं स्लॅबचं आहे, पण अप्पा मागच्या अंगणातल्या शेडमध्ये राहतात. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे गावाकडच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं जड छत, खाली बसलं आणि अप्पांची आई आणि धाकटी बहीण दगडमातीखाली गेल्या. अप्पा बाहेर झोपले होते म्हणून राहिले. त्यानंतर डोक्यावर जड छत त्यांनी सोसलं नाही. सण असो, पाहुणे असोत, ते उंबऱ्याच्या आत येत नाहीत, ताटसुद्धा शेडमध्ये जातं. त्यांचं म्हणणं ठरलेलं, "पत्रा पडला तर डोकं फुटतंय, सलाब पडला तर माणूस सापडत न्हाई."

आणि वावधानात हेच शेड आधी उडणार, हे मला दिसत होतं. एवढं एक माणूस शेडमधून घरात आणायचं, बाकी वहीतल्या सगळ्या सूचना पाण्यात गेल्या तरी चालतील, असं मी मनाशी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, मी सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागले.

शेडवर झुकलेल्या कडुलिंबाच्या फांद्या तोडून घेतल्या. टॉर्च, मेणबत्त्या, रेशनकार्ड, सगळं एका डब्यात घालून डब्याला कुलूप लावलं, आणि किल्ली कुठे ठेवली ते मला आजतागायत आठवलेलं नाही. मग शाळेतली पीटीची शिट्टी आणली. शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथून पळत जिन्याखाली यायचं, असा हुकूम काढला. दर रविवारी तालीम. नवरा टॉवेल गुंडाळून यायचा, पोरगी मोबाइल बघत यायची. अप्पा काठी टेकत उंबऱ्यापर्यंत यायचे आणि तिथेच उभे राहायचे.

"आलो की."

"आत, अप्पा, आत!"

"आत म्हंजे कुठवर?"

"जिन्याखाली."

"मग न्हाई."

एकदा माझा पारा चढला. मी म्हणाले, "उद्या काही झालं तर लोक मला नावं ठेवतील, सुनेनं म्हाताऱ्याला शेडात ठेवलं म्हणून!" बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की काळजी अप्पांची कमी आणि माझ्या नावाची जास्त बाहेर पडली. अप्पा हसले आणि म्हणाले, "लोकांला सांग, म्हातारा आडमुठ्या हाय."

माणूस आत येत नाही तर निदान पत्रे तरी पक्के करू, म्हणून पत्र्याच्या मिस्त्रीला बोलावलं. आमच्या भागात पत्रा म्हटला की त्यावर दगड आलाच, तसे आमच्याही शेडवर चार होते. मिस्त्री वर चढला, खाली उतरला आणि म्हणाला, "मॅडम, दगड काढून टाका अन् हुक वाढवा. वाऱ्यानं पत्रा उचलला की दगड भाईर जात न्हाई, आत येतो."

मला शिकवतो! मी म्हणाले, "माझं माहेर भोकरचं आहे. आमच्याकडची निम्मी घरं पत्र्यावरच्या दगडांनी धरून ठेवलीत." तो बिचारा मान हलवत निघून गेला. मी चारांत पाचवा दगड वाढवला, आणि तोही साधासुधा नाही. सासूबाईंचा पाटा होता, मिक्सर आल्यापासून न्हाणीमागे पडलेला. एकट्याला हलायचा नाही असला. नवऱ्यानं आणि शेजाऱ्यानं तो दोराने वर ओढला आणि मी अंगणात उभी राहून हातवारे करत होते, "अजून थोडा इकडं, अजून थोडा, हां, बस!"

शेडमधून बाजेवर पडल्या पडल्या अप्पा ओरडले, "अगं, ह्यो तर माझ्या डोक्यावरच आला की!"

"मग आता तुमचा पत्रा जागचा हलायचा नाही," मी ऐटीत म्हणाले.

वावधान आलं ते वैशाखात, भर दुपारी. शाळेला सुट्टी होती. मी वर गच्चीत कुरडया वाळत घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवलेला, चीक काढलेला, पहाटे उठून घाटलेला. साडेतीनच्या सुमाराला आभाळ एकदम मातकट झालं, झाडं गप्प झाली आणि मग मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या बाजूनं धुळीचा लोट उठला. मी धावत जाऊन शिट्टी काढली आणि अशी वाजवली की सांगता सोय नाही. नवरा झोपेतून उठून जिन्याखाली गेला. पोरगी गेली. माझी तालीम कामी आली, म्हणून मला त्या क्षणीसुद्धा आनंद झाला.

आणि मग मला कुरडया आठवल्या.

"आई, कुठं निघालीस?" पोरगी ओरडली. ही बाई, जिनं सगळ्या घराला महिनाभर कवायत करायला लावली, ती तोंडात शिट्टी धरून जिना चढत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! वर गेले तर खाली अंथरलेल्या लुगड्याचं एक टोक सुटलेलं, कुरडया भिंगरीसारख्या फिरताहेत, माझ्या डोळ्यांत माती, आणि मी ओणवी होऊन त्या पदरात भरतेय. पत्रे थडथडत होते. आता अप्पांचं शेड जाणार, असं मनात आलं, पण हात कुरडयांवरून निघेना. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं.

"माय! खाली ये गं!"

मी वळून बघितलं. जिन्याच्या दारात अप्पा. घरातून आलेले, उंबरा ओलांडून, स्लॅबखालून, अख्खा जिना चढून. काठी नव्हती. दोन्ही हातांनी भिंत धरली होती.

मी काय म्हणाले असेन? "आले अप्पा, एवढ्या पदरात घेते."

ते गच्चीत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पंच्याहत्तरीच्या माणसाची ती पकड नव्हती. मला ओढतच त्यांनी जिन्यात घेतलं आणि तेवढ्यात मागून कडाडकन आवाज झाला, आणि त्याच्यामागून धप्प.

वारं दहा-पंधरा मिनिटांत गेलं. आम्ही मागे गेलो. तीन पत्रे शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे पडले होते. पाटा बाजेवर होता. उशाकडचं लाकूड मोडलं होतं आणि उशी पाट्याखाली गेली होती. दुपारी अप्पा तिथेच झोपतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले.

शेजारीपाजारी जमले. "मॅडमच्या शिट्टीनं म्हातारा वाचला," असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मी डोळे पुसत ते ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाही. मला तासभर लागला खरं बोलायला. सगळे गेल्यावर अप्पांसाठी चहा घेऊन अंगणात गेले आणि म्हणाले, "अप्पा, तो पाटा मीच ठेवला होता."

"मला म्हाईत हाय की. मी खालीच होतो."

"मिस्त्रीनं सांगितलं होतं, दगड काढा म्हणून. मी ऐकलं नाही."

"तू कुणाचं ऐकतीस?"

मग मी विचारलं, "तुम्ही घरात कसे आलात?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "उंबऱ्यावर उभा होतो. समदे दिसले, तू दिसली न्हाईस. पोरगी म्हणली, आई वर हाय. मग सलाब-बिलाब ध्यानातच न्हाई राहिलं." मग म्हणाले, "त्या पहाटे बी लई हाका मारलो. कुणी दिसलं न्हाई."

त्याच आठवड्यात मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. त्यानं हुक वाढवले आणि एकही टोमणा मारला नाही, हे त्याचे उपकार. अप्पा अजून शेडमध्येच झोपतात. पण आता वारं सुटायचा अवकाश, मी शिट्टी शोधेपर्यंत ते घरात, जिन्याच्या पायथ्याशी हजर असतात आणि माझं मनगट धरून उभे राहतात. नजर वर स्लॅबकडे. कपाळाला घाम. पकड इतकी घट्ट की माझ्या बांगड्या मनगटात रुततात.

परवा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अप्पा, एवढी भीती वाटते तर दारात उभे राहा ना."

"वाटती की," ते म्हणाले. "पण तुझा काय भरवसा?"