छतावरची काच आणि मावसाजींचा धागा

माझ्या मावसाजींनी आयुष्यात जितक्या काचा बसवल्या, त्याच्या कितीतरी पट काचा बसवायला नकार दिला. नकार देऊन घर चालवणारा असा दुसरा काचवाला नागपूरच्या अमरावती रोडवर झाला नाही आणि पुढेही होणार नाही. वाडीला ट्रकांच्या गोदामांच्या रांगेत त्यांचं टिनाचं शेड होतं. समोर दिवसभर ट्रक उभे असत, मागे काचा भिंतीला टेकून उभ्या असत, आणि मधे बाजेवर मावसाजी बसलेले असत. गिऱ्हाईक उतरलं की ते आधी त्याच्याकडे बघत आणि मग त्याच्या काचेकडे. बहुतेक वेळा त्यांना काचेपेक्षा माणूसच जास्त तडकलेला दिसे. एका ड्रायव्हरला बहिणीच्या लग्नाची वरात ट्रकमधून न्यायची होती, म्हणून नवी काच हवी होती. मावसाजींनी जुनी काच ओल्या कागदाने पुसून दिली आणि म्हणाले, "नवरदेव तं मागं डाल्यात बसन ना? मंग समोरची काच कोणाले दाखवतं? जाय, वरातीले उशीर होऊन राहिला."

मावसाजी मूळचे विणकर. माझे वडीलही विणकर, पण वडिलांचा माग बंद पडला तेव्हा ते एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले, आणि मी त्यांच्या पायाशी बसून वाया गेलेल्या पत्रकांवर वाचायला शिकलो. त्यामुळे लहानपणीच मला 'निषेध' हा शब्द 'कमळ'च्या आधी लिहिता येत होता. मावसाजींच्या मागाची गोष्ट निराळी. तो बंद पडला तेव्हा त्यांनी कोणाचा निषेध केला नाही, मोर्च्यात आले नाहीत. एक दिवस मागाची लाकडं उकलली, एका ट्रकमालकाकडे काचा पुसायला लागले आणि पाच वर्षांत स्वतःचं शेड टाकलं. मी त्यांना म्हणायचो, "मावसाजी, तुम्ही लढले नाही." ते म्हणायचे, "लढलो ना गा. थो माग माझ्या अंगावर पडून राहिला होता, मी बाजूले झालो."

पण विणकर त्यांच्या बोटांतून गेला नव्हता. काच बदलायची की नाही हे ठरवायची त्यांची रीत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. काचेला तडा गेला की इतर काचवाले लगेच म्हणत, गेली, बदला. मावसाजी म्हणत, तडा दोन जातीचा असतो, बसलेला आणि चालणारा. बसलेला तडा काचेबरोबर म्हातारा होतो. चालणारा एक दिवस माणसाच्या तोंडावर येतो. कोणता कोणत्या जातीचा हे नुसतं बघून कोणालाच कळत नाही, म्हणून ते घरून मैद्याची खळ शिजवून आणत. मागावरच्या सुताला लावायची तशीच, तितकीच पातळ. तड्याच्या टोकापुढे बरोबर एक बोट जागा सोडून ते काचेच्या आतल्या बाजूने एक पांढरा सुती धागा आडवा चिकटवत. मग ड्रायव्हरला सांगत, "आठ दिवसांनी येजो. तड्यानं धागा वलांडला तं काच बदलू. नाही वलांडला तं चहा पिऊ." त्यांच्या हातून चहाच जास्त पाजला गेला.

एकदा मात्र तडा धाग्यापलीकडे गेला की मावसाजी कोणाचं ऐकत नसत. एका ड्रायव्हरने हात जोडले, रायपूरचा माल आहे, परत आल्यावर बदलू म्हणाला. मावसाजींनी बोलता बोलता रबराची पट्टी ओढली, काच खाली उतरवली आणि शेडमध्ये नेऊन ठेवली. ड्रायव्हर बिनकाचेच्या ट्रकाकडे बघत राहिला. "आता जाय," मावसाजी म्हणाले. "बिना काचेचा जाशीन तं तोंडावर हवा बसन. थ्या काचेसंगं गेला असता तं डोळ्यात काच बसली असती. तुले काय पाह्यजे थे तू ठरव." तो शिव्या देत बसला, आणि संध्याकाळी नवी काच लावून गेला.

धाग्याचा हा कायदा त्यांनी घरातही लागू केला होता. त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेला तडा होता आणि त्याच्यापुढे धागा. सगळं जग त्यांना डाव्या बाजूने शिवल्यासारखं दिसत असणार. मावशीचा आरसाही तसाच होता. ती कुंकू लावताना कपाळ धाग्याच्या वर आणायची की खाली या विचारात रोज थांबायची. "दुसऱ्याच्या काचा बदलून देता, माझा आरसा काहून बदलत नाही?" असं तिने विचारलं की मावसाजी उठून जवळ जात, आरसा नीट बघत आणि म्हणत, "बसलेला हाय वं. तुयापेक्षा शांत हाय."

आता त्या छताकडे येतो. ते मला टाळता आलं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

धरमपेठेतल्या एका शेठची वाडीला गोदामं होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात छताला काच असलेली मोटार पाहिली आणि आपल्या मोटारीचं छत कापून घेतलं. मावसाजींनी ती काच बसवायला नकार दिला. म्हणाले, "शेठजी, हे नागपूर हाय. इथं लोक सूर्य दिसू नये म्हणून पैसे देतेत." शेठने ती दुसरीकडून बसवून घेतली. मग मे महिना आला आणि शेठ मोटारीत छत्री उघडून बसू लागले. समोर ड्रायव्हर नामदेव डोक्याला ओला दुपट्टा बांधून गाडी हाके. छत्रीने भागेना तेव्हा शेठनी छतावर पोतं टाकायला लावलं, आणि दुपारी ते पोतं वाळलं की नामदेवने त्यावर बादलीभर पाणी ओतायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी. व्हायचं तेच झालं. पुढच्या कोपऱ्यात, बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर, नखाएवढा तडा गेला.

नामदेव मोटार घेऊन वाडीला आला. चाळिशीचा, बारीक, बोलताना सारखा हसणारा माणूस होता. त्याच्या हसण्यात विनोद कमी आणि माफी जास्त असायची. मावसाजींनी मोटारीत शिरून, मान वर करून, बराच वेळ तो तडा बघितला. मग म्हणाले, "याच्यावर पत्रा ठोका."

"शेठ मले ठोकतीन," नामदेव म्हणाला.

"मंग पाणी बंद कर. अन् आठ दिवसांनी दाखवजो. धागा वलांडला तं गाडी इथंच राहीन, शेठले सांगून ठेव." आणि त्यांनी एक बोट जागा सोडून धागा लावला.

शेठने त्यावर काय सांगितलं ते नामदेवने मला नंतर सांगितलं. अमरावतीचे व्याही महिनाभर राहायला यायचे होते. त्यांना ते छत दाखवायचं होतं. गाडी वाडीला अडकली तर तूही तिथेच अडक, परत येऊ नको, एवढंच शेठ बोलले. पाणी ओतणंही चालू राहिलं.

त्या दिवसांत मी विणकरांना सूत मिळावं म्हणून एक पत्रक लिहिलं होतं. चार पानं, आणि त्यात 'रक्त' हा शब्द नऊ वेळा. ते अमरावतीला पोचवायचं होतं, आणि नामदेव व्याह्यांना आणायला रिकामी मोटार घेऊन अमरावतीला जात होता. मी गठ्ठा घेऊन शेडपासून थोडं पुढे रस्त्यावर त्याला गाठलं. गठ्ठा मागच्या सीटवर ठेवताना मी वर पाहिलं. तडा धाग्याच्या पलीकडे दोन बोटं गेला होता. नामदेवने माझं बघणं बघितलं. तो हसला, थुंकीने बोट ओलं करून धागा सोडवायला गेला, तर धागा वाळून मोडला. मग त्याने स्वतःच्या दुपट्ट्याच्या काठातून एक धागा उपसला, डब्यातल्या भाताचं शीत चिरडलं आणि तड्याच्या पुढे, एक बोट सोडून, नीट आडवा चिकटवला.

"हे तिसऱ्यांदा करून राहिलो," तो म्हणाला. "मावसाजीले सांगू नको गा. महिना निघू दे."

शेड हाकेच्या अंतरावर होतं. मावसाजी बाजेवर बसलेले मला दिसत होते. मी ओरडलो असतो तर ते चप्पल न घालता धावत आले असते आणि मोटारीपुढे आडवे पडले असते. पण गठ्ठा संध्याकाळपर्यंत अमरावतीला पोचायला हवा होता, सभा सहाला होती. मी म्हटलं, "जाय, सांभाळून जाय."

तळेगावच्या अलीकडे रस्त्यावरचा एक खड्डा निमित्त झाला. जाड साधी काच होती ती, लांब लांब तुकड्यांनी खाली आली. नामदेवचा डावा डोळा गेला. मोटार त्याने तरीही बाजूला घेऊन उभी केली होती. माझा गठ्ठा मागच्या सीटवर जसाच्या तसा होता. कोणीतरी भल्या माणसाने तो दुसऱ्या दिवशी पोचता केला, आणि पत्रकं वाटली गेली.

चार दिवसांनी शेठ वाडीला आले. बरोबर गोदामातली माणसं होती, रस्त्यावरचे ड्रायव्हर जमले, मीही होतो. शेठच्या हातात काचेचा एक तुकडा होता आणि त्यावर धागा अजून चिकटलेला. "धागा तर जागेवर आहे," ते म्हणाले. "तुमच्याच शब्दावर गाडी फिरत होती. आता बोला. चूक ड्रायव्हरची की तुमची?"

मावसाजींनी तुकडा हातात घेतला. चष्मा वर करून बघितला. धाग्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "माझी. मी धागा चुकीच्या जागी लावला."

ड्रायव्हरांमधून एक आवाज उठला, तो मला अजून ऐकू येतो. त्यात राग नव्हता. ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला तो माणूसही चुकतो हे कळल्यावर निघतो तसा तो आवाज होता. शेठनी चारचौघांत सांगून टाकलं, नामदेवची चूक नाही, त्याला गोदामावर चौकीदार ठेवू. मी त्याच आठवड्यात शेठविरुद्ध पत्रक काढलं. धनिकांच्या छताखाली गरिबांचे डोळे, वगैरे. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त मी रस्त्यावर उभा होतो, हे त्यात नव्हतं.

मावसाजींचा धंदा वर्षभरात बसला. लोक येत, पण धागा लावू देत नसत. "नको मावसाजी, सरळ बदलून टाका," म्हणत. आणि मावसाजींना न बघता काच बदलणं जमत नव्हतं. ते फोटोंच्या फ्रेमा करू लागले. देवांचे आणि मेलेल्या माणसांचे फोटो. या काचा फुटत नाहीत, म्हणायचे, यांच्यामागचे लोक कुठं जात नाहीत.

दीड वर्ष मी वाडीकडे फिरकलो नाही. मग एका दुपारी गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. धागा नामदेवने सरकवला होता, मी पाहिलं होतं, सभा सहाला होती. मावसाजी फ्रेमला खिळे ठोकत होते. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"नामदेवचं मले त्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "विणकराले धागा ओळखता येत नाही का? माझा धागा एकेरी सुताचा. तो दुपट्ट्याच्या काठाचा होता, दुहेरी. अन् खळ नाही, भात होता."

"मग तुम्ही बोलले काहून नाही?"

"काय बोलतो? शेठपुढं सांगतो का, यानं सरकवला म्हणून? डोळा गेलाच होता त्याचा. नोकरी बी घालवतो?"

"पण तुमचा धंदा गेला मावसाजी."

"माझे दोन्ही डोळे हायेत ना." त्यांनी पुढची फ्रेम ओढली. तिची काच पुसली, चारही कोपरे जुळवले. शेवटी, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "तुयं मात्र मले समजलं नव्हतं गा."

मी तिथेच बसलो. आतून मावशीने ताट वाढल्याचं सांगितलं. आम्ही दोघं जेवलो. जेवताना मी विचारलं, नामदेवला सांगू का, की तुम्हाला माहीत आहे?

"नोको. थो रोज संध्याकाळी येते. बसते. काहीतरी सांगायले तोंड उघडते, अन् बिडी मागते. मी देतो. त्याले बी टाइम लागन."

नामदेव त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिला. मी गेलो की बाजेच्या एका टोकाला तो बसलेला दिसे, उजवा डोळा मावसाजींकडे राहील असा. दोघं रस्त्यावरच्या ट्रकांबद्दल बोलत, उन्हाबद्दल बोलत, कोणाच्या पोरीच्या लग्नाबद्दल बोलत. मावसाजी वारले त्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन अंगणात उभा होता. तिरडीचे पुढचे दोन दांडे आमच्या वाट्याला आले, एक त्याच्या आणि एक माझ्या. घाटापर्यंत रस्ता लांब होता, आणि बोलायला वेळ खूप होता. त्याने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि खांदा बदलायचा का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. आम्ही तसेच चालत राहिलो.