काकीने बंद करायला सांगितलं होतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ज्या मैत्रिणीला माझं सगळं माहीत असतं असं ती समजते, तिलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. घरात कोणी नाहीये, तरी मी आधी दाराची कडी लावून आले. जिन्यात पावलं वाजली की अजूनही मी आधी दाराकडे बघते. इतक्या वर्षांनीही.

सुरुवात चांगली झाली होती, अगदी पेढे वाटण्यासारखी. मी परळच्या एका संस्थेत आरोग्याचं काम करायचे. घरोघरी जायचं, फॉर्म भरायचे, होय-नाहीच्या चौकटीत खुणा करायच्या. तेव्हा एका प्रशिक्षणाची जाहिरात आली : गुणात्मक संशोधन, एक वर्ष, प्रत्येकाला एक स्वतंत्र मार्गदर्शक. आकडे मोजायचे नाहीत, माणसांशी बोलायचं, त्यांचं बोलणं नीट ऐकायचं, त्यातून अर्थ लावायचा. मला वाटलं, हे तर मी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत जन्मभर करत आलेय! अर्ज केला. निवड झाली.

पहिल्या दिवशी दादरच्या त्या वर्गात बसले आणि घाबरले. आम्ही आठ जण होतो. बाकीचे सात मोठमोठ्या कॉलेजांतून आलेले, फाडफाड इंग्रजी बोलणारे. मी बाहेरून बी.ए. केलेलं. कोणी मला कमी लेखलं असं नाही हं, उलट सगळे फार चांगले वागायचे. पण भीतीला कारण लागतं थोडंच? सहा महिन्यांनी आढावा होता आणि ज्यांचं काम पुरेसं नसेल त्यांना थांबवणार होते. ती तारीख माझ्या डोक्यात सतत टकटक करायची.

माझा विषय होता, घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बायका. माझ्या मार्गदर्शक मॅडम शांत होत्या, कधी आवाज चढवायच्या नाहीत. माझ्या पहिल्या दोन मुलाखती वाचून त्यांनी कागद परत सरकवले आणि म्हणाल्या, "ही उत्तरं आहेत गं. बोलणं कुठे आहे?" बस, एवढंच. त्या वाक्यापायी मी आठवडाभर जेवले नाही म्हणा ना.

इंदूमावशी आमच्या संस्थेच्या बैठकांना यायची. काळाचौकीला एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची, सत्तरीची, विधवा. कोणाचं काही अडलं की आधी हिचं दार वाजायचं. मी माझी अडचण तिला सांगितली, तर दुसऱ्याच दिवशी मला हाताला धरून तिच्या शेजारच्या खोलीत घेऊन गेली. "सुलभा, ही पोर चांगली आहे. हिच्याशी बोल जरा. तुलाच मोकळं वाटेल."

सुलभाकाकीचा नवरा गिरणीत मागावर काम करणारा, साचेवाला होता. अकरा वर्षं लकव्याने अंथरुणावर. मुलगे डोंबिवलीला. गणपतीत आले की चारचौघांत म्हणायचे, आमची आई म्हणजे देवी. काकी पहिल्या दिवशी मोजकंच बोलली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दुपारी काका झोपले होते, ती तांदूळ निवडत होती. एकदम तिचा हात थांबला. रेकॉर्डिंग चालू असलेल्या माझ्या फोनकडे बघून म्हणाली, "ता बंद कर गो आधी."

प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं : समोरचा माणूस बंद कर म्हणाला की बंद करायचं. का, कशाला, विचारायचंसुद्धा नाही. मी फोन उचलला. तिच्या देखत बटण दाबलं आणि फोन पालथा ठेवला.

मी फक्त स्क्रीन काळी केली होती. रेकॉर्डिंग चालू होतं.

अंगठा चुकला असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगून पाहिलं. चुकला नव्हता.

मग काकी बोलली. नवऱ्याला खोलीत ठेवून, बाहेरून कुलूप लावून ती गिरगाव चौपाटीवर जाऊन बसायची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. काही खायची नाही, कोणाशी बोलायची नाही, नुसती वाळूत बसून राहायची. असं चार वेळा केलं. परत यायची तेव्हा तो घाणीत पडलेला असायचा आणि रडत असायचा. पाचव्या वेळी परत यायचंच नाही असं ठरवून गेली. बसस्टॉपपर्यंत गेली, दोन बस सोडल्या आणि घरी आली. दार उघडं होतं. इंदूमावशीने तिच्याकडे ठेवायला दिलेल्या जादा चावीने उघडलं होतं. काकांना पुसून, धुतलेला सदरा घालून, उशीला टेकवून बसवलं होतं. काकीला बघून ती एवढंच म्हणाली, "चहा टाकते." त्यानंतर दोघींत तो विषय कधी निघाला नाही. आणि काकीही पुन्हा कुलूप लावून गेली नाही.

"इंदूला माहिती आणि आता तुला," काकी म्हणाली. "पोरांच्या कानावर गेला तर मी जीव देईन."

मी तिचा हात धरला. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हणजे बघा, तेही खोटं नव्हतं. आणि तो पालथा फोन माझ्या मांडीशेजारी चालूच होता.

मी ते शब्दन् शब्द लिहून काढलं. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला. मग विचारलं, "हा भाग वापरायला त्यांची संमती आहे ना? नक्की?"

"हो मॅडम."

किती सोपं असतं नाही, हो म्हणणं? मी आढाव्यातून पार झाले. वर्षाअखेरीस दादरच्या एका सभागृहात आमची मांडणी झाली. मी काकीचं नाव बदललं होतं. बाकी काय बदललं? तिसरा मजला तसाच, साचेवाला तसाच, चौपाटी तशीच. कारण त्यातच तर जीव होता! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत आरोग्यसेविका बसल्या होत्या. त्यांतली एक काळाचौकीची होती, हे मला टाळ्या थांबल्यावर दिसलं.

तेव्हापासून जी भीती बसली ती बसलीच. फोन वाजला की उचलायच्या आधी नंबर दोनदा बघायचे. पंधरा दिवस काही झालं नाही. मला वाटलं, सुटले.

मग एका दुपारी काकीचा फोन आला, ये म्हणून. गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, केस विस्कटलेले. थोरला मुलगा आदल्या दिवशी येऊन सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडून गेला होता. बायकोच्या ओळखीत कोणीतरी कुठेतरी ऐकलं होतं. कोणी, कुठे, ते त्यालाही धड माहीत नव्हतं. बापाला आता मीच नेतो, म्हणाला. आईशी बोलायचं नाही, म्हणाला.

काकीने माझ्याकडे सरळ बघितलं. "तू कोणाला बोललीस?"

"नाही काकी. तुझ्यासमोर बंद केलं होतं ना?"

ती मान हलवत राहिली. तिने विश्वास ठेवला होता. मी तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले असते तर आज कदाचित हे नुसतं एका खोट्याबद्दल लिहीत असते. पण तिची नजर माझ्यावरून हटेना आणि मी इतकी घाबरले होते की तोंडातून निघून गेलं—

निघून गेलं नाही. मी बोलले. विचार करून, हळू आवाजात, काळजी वाटावी अशा सुरात बोलले : "इंदूमावशीला माहीत होतं ना पण?"

एवढंच वाक्य. तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी बघितलं. आधी नाही, नाही, असं. मग काहीतरी जुळवत असल्यासारखा. मग दगड. आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

त्या दोघी चाळीस वर्षं एका गॅलरीत वावरलेल्या. त्या दिवसापासून काकीने तिच्याशी बोलणं टाकलं. इंदूमावशी वाटीत काही घेऊन यायची, काकी दार लावून घ्यायची. महिनाभर ती येत राहिली. कारण विचारलं तेव्हा काकीने सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या घराची माती केलीस." मावशीने वाद घातला नाही. ती लालबागच्या बाजारात एकदा मला भेटली तेव्हा तिने फक्त विचारलं, "तुला तरी वाटतं का गो, मी सांगितलं असेन?"

"नाही मावशी."

"मग कोणी सांगितलं असेल?"

"काय माहीत," मी म्हणाले. भाजीची पिशवी मी या हातातून त्या हातात घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं का? हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. ती म्हणाली, "सुलभाच्या गुडघ्याला तेल लावायला कोणी नाही. जात जा अधनंमधनं." आणि गेली.

थोड्याच दिवसांनी ती खोली भाड्याने देऊन बदलापूरला भाचीकडे राहायला गेली. मी मात्र, काकांना मुलगा घेऊन गेल्यावर एकट्या राहिलेल्या काकीकडे जात राहिले. माया म्हणून? थोडी असेलही. पण मुख्य म्हणजे लक्ष ठेवायला, कोणी तिला खरं सांगत तर नाही ना. काकी मला जेवायला वाढते, जाताना डब्यात कुळथाची पिठी देते आणि शेजारणींना सांगते, माझी लेकच आहे ही.

त्या प्रशिक्षणात आता मी शिकवते. मॅडम निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी. संमतीचा तास माझ्याकडे आहे. मुलं मान खाली घालून टिपून घेतात आणि मी फळ्याकडे तोंड करून बोलते.

गेल्या हिवाळ्यात इंदूमावशी बदलापूरला वारली. भाचीने मला कळवलं, काकीला मी कळवलं. ती मेथी निवडत होती. पानं तशीच हातात राहिली. मग म्हणाली, "एकदा येऊन कबूल केलं असतं ना तिने, हो, चुकले म्हणाली असती, तर मी तिला जवळ घेतली असती गो. मी वाट बघत होते."

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

मी म्हणाले, "जाऊ दे काकी. गेलेल्या माणसाचं मनात ठेवू नये."

ती डोळे पुसत म्हणाली, खरं आहे तुझं. आणि तिने इंदूमावशीला माफ केलं.