मांजरानं काही नेलं नव्हतं

देगलूरच्या स्टँडवर एसटी सुटायला आली, तरी माय माझ्या ट्रंकेत सुक्या झिंग्यांचं गाठोडं कोंबतच होती.

"माय, कपड्याला वास लागंल."

"लागू दे की. पुण्यात तुला कोन हुंगून राहिलंय?"

पुण्यात हुंगणारे निघाले. तिथं झिंग्यांना कोळंबी म्हणत, आणि सुके म्हटले की नाकाला रुमाल लावत. मीही लावायला शिकलो.

खरं तर आमची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजेच झिंगे. धर्माबादजवळ गोदावरीकाठी मामाचं गाव. मामा सकाळी नदीवरून ताजे झिंगे आणायचा. माय ते लसूण, तिखट घालून तव्यावर परतायची, आणि आम्ही भावंडं भाकरीसाठी भांडायचो. उरलेले पत्र्यावर वाळत घालायचे. राखणीला मी. माझ्या राखणीत ते हमखास कमी व्हायचे आणि शिव्या कावळ्यांना बसायच्या.

आता त्या मांजराचं. भाचरांनो, पुतण्यांनो, प्रत्येक लग्नात तुम्ही ही गोष्ट रंगवता आणि मी मुकाट ऐकतो. पुण्याच्या बोक्यानं आजीचे झिंगे पळवले म्हणे. मागच्या लग्नात तर त्यानं डब्याचं झाकण पंजानं फिरवून उघडलं. पुरे करा! लई झालं.

मांजरानं काही नेलं नव्हतं. माय पहिल्यांदा पुण्याला आली, तेव्हा सोबत दोन शेर झिंगे होते. त्याच संध्याकाळी माझे साहेब सपत्नीक जेवायला यायचे होते. दुपारी माय झोपलेली बघून मी डबा कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत रिकामा केला. उठल्यावर तिनं विचारलं, तेव्हा तोंडातून निघालं, "मांजरानं नेलं."

पुढचे तीन दिवस माय काठी घेऊन सोसायटीत फिरली. माझी बायको ज्या बिचाऱ्या मांजरीला दूध घालायची, तिचं दूधही बंद झालं. मग माय देगलूरला परतली आणि गल्लीभर सांगत सुटली, "माझीच चूक. झाकन नीट लावलं न्हाई म्या." मरेपर्यंत तेच सांगत राहिली. मी प्रत्येक वेळी समोर बसून हसलो.

तिच्यामागं झिंगे धाकटी बहीण शकू पाठवते. डब्याला चौफेर तार गुंडाळलेली, मांजराच्या भीतीनं. दरवेळी ती सोडवताना माझी बोटं सोलतात. गेल्या महिन्यात रक्त आलं, तेव्हा वैतागून तिला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ती कडाडली, "दादा, अन् मी इतकी वर्सं तार बांधून राहिले की रे! आधी हे समद्यांना लिहून सांग. तवर झिंगे न्हाईत."

म्हणून हे लिहिलं. पहिली प्रत तिलाच धाडली. परवा डबा आला. तार दुप्पट. आत चिठ्ठी: "मांजरापासून नाही, तुझ्यापासून."

काल खिडक्या सताड उघड्या ठेवून झिंगे परतले. शेजारच्या बाईंनी बेल वाजवून विचारलं, "काका, हा वास कसला?" मी म्हणालो, "झिंगे हायत. माझ्या मायचे. या जेवायला." त्या आल्या नाहीत. पुण्यात पन्नास वर्षं काढली, पण या स्वयंपाकघरात काल पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं.

तार सोडवायची पक्कड आता तव्याशेजारीच टांगून ठेवली आहे.