जबाब नसलेली कॅसेट

शक्ती-तुऱ्याच्या नाचात एक पक्ष गाण्यातून सवाल टाकतो आणि दुसरा जबाब देतो. त्यातल्या शक्तीच्या पक्षाच्या आमच्या म्हाताऱ्या शाहिरांची नवी कॅसेट आली, ती आम्ही साजगावच्या चहाच्या टपरीवर ऐकली. गणपतीत त्यांना बोलवायचं की नाही, ते मला ठरवायचं होतं.

"धार गेली रं त्यांची," शेजारी म्हणाला.

"धार हाय. समोर तुरेवाले नायत, मग भांडतील कुणाशी? टेपशी?" चहावाला म्हणाला.

कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा सवाल संपताच चहावाल्यानंच सवयीनं टेप थांबवला, आणि आम्ही सगळे जबाबाची वाट पाहत बसलो. कमी गाण्यात होती की आमच्या ऐकण्यात, हे मला अजूनही सांगता येत नाही. मी शाहिरांना बोलावलं, तुरेवाल्यांनाही.