तीन चर्चांचे मास्तर

म्हैसुरात एवढ्या चर्चांत जाणारा आणि तरी एवढा एकटा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या शिलाईच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे हे निवृत्त मास्तर राहत. बायको नाही, मूल नाही. जन्मानं कुठल्या पंथाचे, असं विचारलं तर "ख्रिस्ताच्या" एवढंच सांगत आणि चहा मागत. रविवारी पहाटे कॅथलिकांकडे, मग केरळातल्या सिरियन ख्रिस्तींकडे, उन्हं चढल्यावर प्रोटेस्टंटांकडे. या धावपळीत गुडघे कुठे टेकायचे आणि उभं कुठे राहायचं याचा घोळ ठरलेला. सगळी मंडळी उभी आणि मास्तर तेवढे जमिनीवर. सिरियनांचा मोठा उपास सोमवारी लागला की मास्तरांचा आमच्याकडचा दुधाचा चहा बंद. बुधवारी सकाळी कॅथलिकांची उपासाच्या आरंभाची राख कपाळाला लावायची आणि संध्याकाळी प्रोटेस्टंटांच्या दारात रुमालानं पुसायची, कारण त्यांना उपासाचं प्रदर्शन खपत नाही.

"एवढी दगदग कशाला, मास्तर?" मी एकदा विचारलं.

"नोडी रायरे, बघा, उपास सिरियनांकडून शिकायचा, गप्प बसणं कॅथलिकांकडून आणि गाणं प्रोटेस्टंटांकडून. एकेकट्याकडे स्वल्पच आहे." मराठी ते आमच्या दुकानात शिकले, त्यामुळे ती आमच्याइतकीच कानडीत भिजलेली.

तिन्ही चर्चच्या धर्मगुरूंनी एकदा एकत्र बसून प्रार्थना करावी, एवढीच त्यांची इच्छा होती. दर जानेवारीत ते तिघांना बोलावत, दुकानातल्या खुर्च्या वर नेत, बिस्किटं मांडत. तिघंही अगत्यानं "येतो" म्हणत. मग कुणाकडे लग्न निघे, कुणाला ताप येई. बिस्किटं आमचे कारागीर खात. "पुढच्या वर्षी येतील. अजून ओळख कमी पडते," मास्तर म्हणत. मला त्या माणसांचा राग येई आणि मास्तरांचा त्याहून जास्त.

एका सकाळी ते चहाला उतरले नाहीत. झोपेतच गेले होते. मी कॅथलिक फादरांकडे धावलो. ते हळहळले, म्हणाले, "भला माणूस. पण ते प्रोटेस्टंट ना?" प्रोटेस्टंट पाळक म्हणाले, "ते तर सिरियन. काय कडक उपास करायचे." सिरियन गुरू म्हणाले, "कॅथलिक होते हो. कपाळावर राख मी स्वतः पाहिलीय." दुपार झाली, तरी मास्तर वर तसेच. माझं डोकं फिरलं. तिघांनाही निरोप धाडला, की आता येत नसाल तर आम्ही विठ्ठलाची माणसं खांदा देतो आणि आमच्या रीतीनं नेतो.

तिघंही आले. खाटेभोवती उभे राहून एकमेकांना "तुम्ही आधी" करू लागले. शेवटी सगळ्यांना पाठ असलेली एकच प्रार्थना निघाली, तीही एकाची कानडीत, एकाची मल्याळममध्ये, एकाची इंग्रजीत. ज्याची आधी संपली तो इतरांसाठी थांबला. मी सवयीनं मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, खूश झाले का म्हणून. तेव्हा मला रडू आलं.

माती प्रोटेस्टंटांच्या दफनभूमीत मिळाली. पुढच्या जानेवारीत मीच तिघांकडे जाऊन बोलावणं केलं. मास्तरांचा विषय निघताच तिघांचेही डोळे ओलावले, आणि तिघंही अगत्यानं "येतो" म्हणाले. मी खुर्च्या वर नेऊन मांडल्या आणि दिवेलागणीपर्यंत एकटाच बसून राहिलो.