सखुबाई आणि ग्लुकोजची एकच बाटली

सखुबाईने नवऱ्याला विष घातलं, ही बातमी रेवदंड्यात मासळीवाल्यांच्या आधी घरोघर पोचली. तसं काही नाही हो. विषाचा खर्च ती बुधाजीवर करायची नाही. तो पडला आपल्याच अकलेने, आणि पडताना तिच्या बैलालाही घेऊन पडला.

पाखऱ्या तिचा. आई मेलेलं वासरू तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. नवऱ्याशी ती कामापुरतं बोलायची. बैलाशी तासन्तास, तेही बहुतेक नवऱ्याबद्दल.

किनाऱ्यावरच्या शर्यतीचं वेड बुधाजीला. गाडीवान नि बैल उपाशी असले की गाडी हलकी पळते, हा त्याचा शोध. म्हणून आदल्या दिवसापासून पाखऱ्याची वैरण बंद. स्वतः मधुमेहाची गोळी घेतली, भाकरी नाही. मग सुरूच्या झाडांआड गावठीची बाटली बैलाच्या घशात रिकामी केली, दुसरी आपल्या. जोडीचा बैल उसना होता, म्हणून वाचला.

अर्ध्या वाटेत पाखऱ्या लटपटून वाळूत बसला. बुधाजीने रक्त येईस्तोवर त्याची शेपटी चावली. बैल नुसता थरथरला. मग बुधाजीलाच दरदरून घाम फुटला नि तो बैलाच्या पाठीवर आडवा झाला. लोकांनी मोबाईल काढले, शिट्ट्या मारल्या.

भरती चढत होती. शर्यतीला आलेल्या गुरांच्या डॉक्टरने, गणराजने, दोघांचं रक्त तपासलं नि पेटीतून ग्लुकोजची बाटली काढली.

"दोघांची साखर तळाला गेलीय, काकू. उपाशी पोटी यकृत साखर बनवून रक्तात सोडतं. बैलाचं तर एरवीही त्यावरच चालतं. दारू आली की ते काम बसतं. मग संप्रेरकं ओरडून साखर मागतात, घाम नि थरथर त्याचीच. पण द्यायला असतंय काय?"

"मला लाव पयली," बुधाजी कण्हला.

"काकांना गिळता येतंय, त्यांना सरबत चालेल. पण बाटली एकच आहे. काय करू?"

सखुबाईने बैलाची मान धरली. "हितं टोचा."

बाटली संपत आली तसा पाखऱ्या धडपडत उभा राहिला. पाणी त्याच्या खुरांपर्यंत आलं होतं. बुधाजीच्या हनुवटीवरून कोकम सरबत ओघळत होतं.

"चार लोकांत बैलाला आदी? नवरा कोन तुजा?"

सखुबाई म्हणाली, "तुमी उद्या परत पिनार. त्याला कोनी पाजल्याबिगर तो पीत न्हाय."